दोन ठोके

लाइट गेलीय, मोबाइल बंद पडलेत, तेवढ्यात सांगून घेतो. हसायचं असेल तर आत्ताच हसा. माझ्या भाच्याच्या बाबतीत घडलंय हे, थापा नाहीत.

भाचा प्लंबर. काम शिकला सासऱ्यांच्या हाताखाली. सासऱ्यांची एक सवय होती. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उचलण्याआधी लोखंडी पान्यानं दोनदा ठोकायचे. टक्, टक्. "कोण असेल ते बाहेर या हो!" मग बाजूला उभं राहून दहा मोजायचे. भाचा हसायचा, "मामंजी, टाकीत काय पाहुणे उतरलेत?"

एकदाच घाईत त्यांचं ठोकायचं राहिलं. झाकणाखालची गांधीलमाशी बोटाला डसली, छातीत कळ आली, पाच मिनिटांत खेळ खलास. डॉक्टर म्हणाले, काहींना तो डंख सोसतच नाही, थेट हृदय बंद पडतं. भाच्याचंही तोंड एकदा चावल्यावर भोपळ्यासारखं सुजलेलं. त्यालाही बजावलं होतं, पुन्हा चावली तर जिवावर बेतेल.

गेल्या मार्चची अठरा तारीख, मंगळवार. संध्याकाळी साडेसातला फोन आला, बॉलकॉक अडकलाय, टाकी भरून वाहतेय. सासरे गेले तीच इमारत. तीच टाकी.

बायको म्हणाली, "बाबांचा पाना घेऊन जा."

"अगं, ती धोंड कोण वागवणार?"

पाना भिंतीवरच्या खिळ्यालाच राहिला.

गच्चीवर काळोख. पायाखाली पाणी. बॅटरी तोंडात धरून त्यानं झाकणाकडे हात नेला. एक वीतभर अंतर...

टक्. टक्.

आतून.

काठोकाठ भरलेली टाकी, बरं का...

हात तिथंच थिजला. बॅटरी खाली पडली. तिच्या उजेडात झाकणाच्या कडेखालून एक माशी बाहेर आली. मग दुसरी. मग... घोंगावणारा थवाच. बोटं घालणार होता तिथंच तळहाताएवढं पोळं!

"मामंजी...?"



तो जिना कसा उतरला, त्याला आठवत नाही. एकही माशी शिवली नाही. घरी आला तो दारातच बसला, लहान पोरासारखा रडला. बायकोला सगळं सांगायचं होतं, पण ती हातात फडकं घेऊन भिंतीपाशी उभी होती.

"काय चाललंय कळत नाही," ती म्हणाली. "तू गेल्यापासून तीनदा पुसला."

खिळ्यावरच्या पान्यातून पाणी ठिबकत होतं.