खाली गेलेला, वर आलेला

बुडालेला माणूस परत येत नाही, हा सृष्टीचा अढळ नियम आहे, असं आतिफने जाहीर केलं. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं; कुवेतमध्ये अर्धं आयुष्य काढूनही तो समुद्रात घोट्यापलीकडे भिजला नव्हता.

तिथल्या हवल्ली भागात त्याचं दुकान होतं. जुन्या फिल्मा, लग्नाच्या कॅसेटी डिजिटल करून द्यायचा. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून त्याने शटर अर्धं ओढलं आणि आईला, शहरबानूला, पडद्यासमोर बसवलं.

तिचे अब्बा तिच्या जन्माआधीच रत्नागिरीहून केपटाउनला गेले. तिथल्या एका आफ्रिकान्स मारधाडपटात गोऱ्या हिरोच्या जागी पाण्याखाली उतरले आणि शूटिंगमध्येच बुडाले, असं सांगत. मय्यत मिळाली नाही. आतिफच्या आजीने विधवेची इद्दत पाळली नाही, आणि साठी उलटली तरी अम्मा त्यांच्या नावाने कुणाला मेलेल्यासाठीची फातिहा पढू देत नव्हती. म्हणून आतिफने खटपट करून तीच फिल्म मिळवली होती. एकदा डोळ्यांनी बघेल, तर मानेल.

काचेचा मुखवटा लावलेला माणूस होडीवरून खाली गेला. बुडबुडे, शेवाळ, सुरी, शार्क. शार्क रबराचा होता, पण कामाला प्रामाणिक. मग हिरो वर आला. त्याचा भांगसुद्धा मोडला नव्हता.

"खाली अब्बा जातात," अम्मा म्हणाली. "वर हा येतो. मग अब्बा कुठं ऱ्हायले?"

"अम्मा, पिक्चर आहे तो."

"परत लाव."

दुसऱ्यांदा हिरो जरा उशिरा वर आला. आतिफने प्रोजेक्टरला दोष दिला.

तिसऱ्यांदा हिरो आलाच नाही. नुसतं पाणी हलत राहिलं. दुकानात खारट वास सुटला.

"बंद करतो."

"हात तर लावून बघ. जन्मभर सगळे मला सांगतात, मान. मी नाय मानत." ती उठली. कमरेवर हात ठेवून पडद्यापुढे उभी राहिली. "अब्बा, पुरे झालं. दुसऱ्याच्या वाटचं किती बुडायचं? वर या."

खोलवर तो माणूस थांबला. वळला. त्याने मुखवटा काढला.

चेहरा आतिफपेक्षा तरुण होता.

तो वर येऊ लागला.

आतिफने वायर उपटली. चित्र चालूच राहिलं. मग पडदा पांढरा झाला.

पडद्यावरून लादीवर पाणी निथळू लागलं. आतिफला फातिहाचा पहिला शब्दही आठवेना. अम्मा जागची हलली नाही.

पडद्यामागे कुणीतरी खाकरलं.

"पोरी," तरुण आवाज म्हणाला, "अंग पुसायला काय तरी दे."