रिकाम्या बॅगेचा प्रवासी

"द्या, मी ठेवतो वर," असं म्हणून गाडीतल्या एका अनोळखी तरुणाने माझ्या हातातली भली मोठी बॅग जोर लावून उचलली आणि ती फुग्यासारखी वर जाऊन त्याच्याच कपाळावर आदळली.

गाडीतले दोन पाहुणे हसले. मी नाही हसले. बॅग रिकामी होती आणि ते या गाडीत कोणालाही कळायला नको होतं.

"बरीच हलकी आहे हो..." कपाळ चोळत तो म्हणाला.

"येताना भरून आणायची आहे."

"म्हणजे खरेदी?"

"म्हणजे तुम्हाला काय करायचंय?"

त्याने मान वळवली. पण हसू काही त्याने लपवलं नाही, आणि मला तेच खटकलं.

सांगूनच टाकते. ही गाडी हॉटेलची. तिथे उतरलेल्या पाहुण्यांना विमानतळावर फुकट नेते-आणते. मी पाहुणी नाही. हॉटेलमागच्या गल्लीत आईबरोबर राहते आणि विमानतळावर लोकांच्या बॅगांना प्लॅस्टिक गुंडाळून देते. आमचं काउंटर साडेसहाला उघडतं. पहिली बस तिथे पोचते सातला. अकरा महिन्यांपूर्वी अशीच हॉटेलसमोरून धावत होते, तेव्हा गाडीवाल्या मामाने दार उघडलं. "बसा बसा, विमान चुकेल," म्हणाला. बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मग गणवेशावर जॅकेट, हातात काउंटरवरची एक जुनी बॅग, असा रोजचा थाट सुरू झाला. आठवड्याभरात मामाच्या सगळं ध्यानात आलं. आरशातून बघत एवढंच म्हणाला, "मी रस्ता बघतो, पोरी. कोण कुठे राहतं ते बघत नाही."

एकोणीस वर्षं तो ही गाडी चालवतोय. मी पकडले गेले तर चार शब्द ऐकून घेईन, पण फुकटीला रोज बसवलं म्हणून त्याची नोकरी जाईल. त्याचा तो भला स्वभाव त्याच्या मुळावर यायला नको, एवढीच धाकधूक मला रोज असायची. त्यात मी जन्माची संशयी. आई म्हणते, तुला अमृत दिलं तरी आधी मांजराला चाटवून बघशील.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गाडीत. तिसऱ्या दिवशीही.

"आज परत विमान?" मी विचारलं.

"तुमचंही परतच आहे की."

"माझं कामाचं असतं."

"माझंही कामाचंच..." तो जरा वाकला. "कितवी खोली तुमची?"

मला ठसकाच लागला. "तीनशे बारा."

"अरे वा! मी तीनशे चौदा. म्हणजे ते गुणगुणणं तुमचं होय?"

"मी गुणगुणत नाही."

"मग भिंतीत भूत आहे. पण सुरात गातं हो."

मला हसू आलं, ते मी खोकल्यात ढकललं. विमानतळ आला, तो उतरला, आणि मामाने मान मागे वळवली.

"पोरी, तिसरा मजला तर रंगकामासाठी बंद आहे. दोन आठवडे झाले."

मी थाप मारली होती हे ठीक. पण त्यानेही मारली होती!

आता बॅगांच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही. दिवसाला शंभर बॅगा हाताखालून जातात. भरलेली बॅग ओढताना माणसाचा खांदा उतरतो. याची बॅग पायरीवरून टुणटुण उड्या मारत यायची. रिकामी! म्हणजे हा एकतर माझ्यासारखा फुकट्या, नाहीतर फुकट्यांना पकडणारा. फुकट्या असता तर चोराच्या मनात चांदणं, थोडा तरी बिचकला असता. हा तर मजेत शीळ घालायचा.

"मामा, हा माणूस तपासनीस आहे," मी सांगितलं.

"छे गं. किती गोड बोलतो."

"तेच तर. गोगलगाय आणि पोटात पाय."

गाडी सोडून द्यावी असंही मनात आलं. पण अचानक गायब झाले तर त्याचा संशय पक्का होईल, म्हणून जात राहिले. खरं कारण तेवढंच होतं का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

कारण तो खिडकीजवळची जागा माझ्यासाठी धरून ठेवायचा. काचेवर धुकं साचलं की बाहीने पुसून द्यायचा, तेही फक्त माझ्या बाजूचं. एकदा ऊन थेट डोळ्यांवर आलं, तर बोलणं न थांबवता हात लांबवून त्याने पडदा ओढला... एवढंच. त्यामागेही काहीतरी डाव असणार, असं मी मनाला बजावलं. पण त्या दिवशी काउंटरवर मी एकच बॅग दोनदा गुंडाळली.

"तुम्ही माझ्याकडे असं का बघता?" त्याने एकदा विचारलं.

"कसं?"

"मी काहीतरी चोरलंय असं."

"चोरलंय का?"

"प्रयत्न चालू आहे," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मी खिडकीबाहेर बघितलं, पण बाहेरचं मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

मग महिनाभराने एक दिवस तो आलाच नाही. विमानतळ येईपर्यंत मी दाराकडेच बघत होते.

"तोंड का उतरलंय?" मामा म्हणाला.

"मला संशय येतोय म्हणून बघतेय."

"हो हो. संशयच तो."

अकराच्या सुमाराला मी एका आजोबांची बॅग गुंडाळत होते. समोर आवाज आला, "तीनशे बारा?"

तोच. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. अंगावर जॅकेट नव्हतं माझ्या, गणवेश उघडाच. लपायला काउंटरही धड उंच नव्हतं. मी ते ओळखपत्र ओढून दोन्ही बाजूंनी वाचलं. हॉटेलांची तपासणी करणाऱ्या कंपनीचा माणूस होता.

"मला वाटलंच होतं," मी म्हणाले. "अहवालात मामाचं नाव घातलंत?"

"आधी ऐकून तर घ्या..."

"हो की नाही?"

"नाही." तो पुढे झाला. "पाहुण्याला खोली विचारायची नाही, हा हॉटेलचाच नियम. मग गाडीवाल्याने ओळखायचं कसं? चूक हॉटेलची, असं लिहून दिलं मी. त्यांनी आज मान्य केलंय. एक तारखेपासून पाहुण्यांना चिठ्ठी मिळेल, ती ज्याच्याकडे असेल तोच बसेल. मामांना काहीही होणार नाही."

मी तिथल्या तिथे मामाला फोन लावला. "अगं हो, आत्ताच हॉटेलच्या साहेबांनी सांगितलं," तो म्हणाला. "मला नुसत्या चिठ्ठ्या घ्यायच्यात. तू रडतेस का?"

रडत होतेच. वर्षभराची धाकधूक होती ती.

"आणि मी?"

"एक महिला, रिकामी बॅग, असं लिहिलंय. तुम्हाला चिठ्ठी मिळणार नाही."

"नकोच. दुपारची पाळी मागून घेईन." मी डोळे पुसले, आणि पुसता पुसता माझं डोकं पुन्हा चालू लागलं. "हे लिहून दिलंत कधी?"

"तीन... तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे? मग कालपर्यंत गाडीत काय करत होतात?"

त्याने फाइलमधून एक कागद काढून काउंटरवर ठेवला. अहवालाची पुरवणी होती. 'आणखी एक विनाहक्क प्रवासी आढळला. पुरुष. तीन आठवडे, रोज. खोली नाही, विमान नाही. कारण –' पुढे कोरं.

"हे तुम्ही स्वतःबद्दलच लिहिलंय?"

"खोटा अहवाल देता येत नाही मला. सकाळी द्यायला निघालो होतो, पण कारणाशी अडलो." त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "तुम्ही आवडता मला. फार. तेच कारण आहे... तुमची हरकत असेल तर दुसरं काहीतरी लिहितो."

"असं किती जणींना सांगितलंत आत्तापर्यंत?"

"फाइल बघा. सगळी."

मी खरंच बघितली. पानन् पान. बॅग गुंडाळून घ्यायला थांबलेले आजोबासुद्धा चष्मा सावरून डोकावत होते. दुसरी पुरवणी कुठेच नव्हती. मलाही तो आवडत होता, हे त्या शेवटच्या पानाशी मी कबूल केलं, मनातल्या मनात. मग पेन मागून घेतलं आणि कोऱ्या जागेत माझ्या हाताने लिहिलं, 'चौकशी चालू आहे.'

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. "किती दिवस चालेल?"

"माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही. जन्म जाईल," मी म्हणाले. "रोज हजर राहावं लागेल तुला."

"तुला," तो हळूच म्हणाला. "लिहून घेऊ का हे?"

"घे," मी म्हणाले.