काळ्या पिशव्यांतल्या कविता

"उन्मेष, पाय उचल! खाली बघ!"

सुमेधा ओरडली तसा उन्मेष पायरीवरच थबकला. गिरगावातल्या त्या जुन्या वाचनालयाच्या बंद दाराखालून पाण्याचा बारीक ओघळ येत होता. लालसर, मध्येच निळा.

"रक्त?" अकरा वर्षांच्या आकांक्षाचे डोळे मोठे झाले.

"निळं रक्त कुणाचं असतं गं, शहाणे?" उन्मेष हसला.

सुमेधा मात्र हसली नाही. तिने पाण्यात बोट बुडवलं. "हे रंग तात्यांच्या पानांवरचे आहेत. छापायची शाई तेलातली असते, ती पाण्याने जात नाही. पण हाताने भरलेले रंग जातात!"

तिघंही नायगावच्या बीडीडी चाळीतली. सुमेधाचे आजोबा म्हणजे तात्या. त्यांनी चाळीस वर्षं गिरगावच्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले. तिथे असतानाच अमेरिकेतल्या एका छापखानेवाल्याशी त्यांची पत्रातून दोस्ती झाली. तो तिकडच्या कविता पाठवायचा, एका सुट्या कागदावर एकच कविता. काही मोर्च्यांत वाटलेल्या, काही काळ्या मजुरांनी स्वतः छापलेल्या. लोक त्या भिंतीला चिकटवायचे, वाचायचे आणि फेकून द्यायचे. म्हणून त्यातल्या कित्येक आता कुठेच उरल्या नव्हत्या. तात्यांनी अशी एकशे अठरा पानं जपली होती. चाळ पाडायची ठरली, घर रिकामं करायची नोटीस आली, तेव्हा त्यांनी ती पानं वाचनालयाला दिली. आता ते परळला हॉस्पिटलात होते. फुप्फुसं थकली होती. "सुट्टीच आहे ना तुला? माझी पानं बघून ये गं," ते सकाळीच म्हणाले होते.

दारावर कागद होता : पेस्ट कंट्रोलसाठी वाचनालय बंद.

"औषधाचा वास कुठेय?" उन्मेषने नाक वर केलं. "मला तर कुबट वास येतोय. ओल्या गोधडीसारखा!"

तिघं मागच्या गल्लीत गेली. खिडकी अर्धवट उघडी होती. आत चिटणीस मोहिते फोनवर बोलत होते, "शुक्रवारी फुटला पाइप. अहो, प्लंबरला वर्षभर सांगायचं राहूनच गेलं! ती अमेरिकन पानं पार भिजली. पिशव्यांत भरलीत. संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकतो. अध्यक्षबाईंना सांगू, वाळवी लागली म्हणून."

त्यांच्या पायाशी सहा काळ्या पिशव्या होत्या.

"शुक्रवारी!" सुमेधाने बोटांवर दिवस मोजले. "आज सोमवार. बुरशी धरली असेल."

"मी आत उडी मारतो!" उन्मेष म्हणाला.

"आणि चोर ठरतोस? नको. आकांक्षा, अध्यक्ष राधाबाई पलीकडच्याच वाडीत राहतात ना? धावत जा, त्यांना घेऊन ये. उन्मेष, तू मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेव."

आकांक्षा सुसाट सुटली. सुमेधाने खिडकीवर टकटक केली. "मोहितेकाका! राधाबाई येतायत, पानं बघायला!"

मोहित्यांचा चेहरा पांढरा पडला. "आत्ता?"

"आत्ता!"

मागचं दार धाडकन उघडलं. मोहित्यांनी एकामागून एक पिशव्या गल्लीत ओढल्या.

"काका, हे टाकून देताय? आम्ही नेऊ?"

"न्या, न्या! लवकर न्या, डोळ्यांसमोर नको!"

उन्मेषच्या मोबाइलमध्ये शब्द न् शब्द आला होता.

सुमेधाने एका पिशवीची गाठ सोडली आणि तिचा हुंदका बाहेर पडला. पानं एकमेकांना चिकटली होती. कडांवर हिरवट काळे ठिपके. खालच्या काहींचा तर लगदाच झाला होता.

"संपलं का गं सगळं?" उन्मेषने हळूच विचारलं.

"नाही." तिने डोळे पुसले. "तात्यांच्या मित्राच्या गावात पूर आला होता. त्याने लिहिलं होतं, भिजलेले कागद गोठवून ठेवले की बुरशी थांबते. मग सावकाश वाळवता येतात. डीप फ्रीझर कुणाकडे आहे?"

"माझी मालनमावशी! लोअर परळला तिचं पोळीभाजी केंद्र आहे!"

तेवढ्यात आकांक्षामागोमाग धापा टाकत राधाबाई आल्या. सत्तरीच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी पिशव्या पाहिल्या, व्हिडिओ पाहिला, आणि मोहित्यांपुढे हात केला. "किल्ल्या."

"बाई, मी सांगणारच होतो..."

"किल्ल्या द्या!"

मग त्यांनीच टॅक्सी थांबवली.

मालनमावशीने आधी कपाळावर हात मारला. "अरे मेल्यांनो, माझे मटार कुठे ठेवू?" पण तिनेच मटाराच्या पिशव्या उपसल्या, फ्रीझर पुसून घेतला आणि बटर पेपरचा गठ्ठा पुढे टाकला. दोन पानांमध्ये एक बटर पेपर, असं करत चौघीजणी आणि उन्मेष दुपारभर वाकून बसले. सुमेधा बोटाच्या पेराने कड सोडवायची, श्वास रोखून. सत्त्याऐंशी पानं फ्रीझरमध्ये गेली. एकतीस गेली ती गेलीच.

"एवढी मोठी माणसं आम्ही," राधाबाई म्हणाल्या, "आणि पानं तुम्ही वाचवलीत. मला लाज वाटते, पोरांनो, आणि तुमचा अभिमानही वाटतो."

ते ऐकूनही सुमेधाला बरं वाटलं नाही; एकतीस पानं गेली होती. तिला हॉस्पिटलात जायचं होतं.

तिने तात्यांना सगळं खरं सांगितलं. उरलेल्या पानांची यादी वाचून दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन बोटाने ओळी मोजल्या.

"सोडवताना किती फाटली?"

"एकही नाही."

"हात चांगलाय तुझा. वही घे. गेलेल्यांची नोंद करू. नाहीतर ती होती, हेच कुणाला कळणार नाही."

नर्सने विश्रांती घ्यायला सांगितलं, तर त्यांनी नुसता हात हलवला. "एक. पिवळट कागद. खाणीतल्या मजुराची कविता. खाली डावीकडे कंदील, लाल रंगाने भरलेला. दोन. निळी किनार. बाईने लिहिलेली, मुलगा तुरुंगात आहे तिचा..." मध्येमध्ये धाप लागायची. सुमेधा थांबायची आणि पुन्हा लिहायची. दोन दिवसांत एकोणीस नोंदी झाल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे तात्या गेले.

पंधरा दिवसांनी वाचनालयाच्या कोरड्या खोलीत पहिली दहा पानं टिपकागदावर वाळत होती. राधाबाई स्वतः टिपकागद बदलत होत्या. उन्मेषने वही उघडली. वीसपासून एकतीसपर्यंत नुसते आकडे होते.

"इथे काय लिहायचं?"

"काही नाही," सुमेधा म्हणाली. "पण ओळी मोकळ्या ठेव. आकडे खोडू नकोस."

मग तिने हात पुसले आणि वाळवायला अकरावं पान उचललं.