उजव्या टाकीचा पेला

मिस्त्री खोटं कधी बोलत नसे, असं म्हटलं तर त्याची बायकोसुद्धा हसेल. मासळी केवढी होती, ताप किती होता, सासऱ्यांनी लग्नात काय कबूल केलं होतं, या सगळ्यात तो जीभ सैल सोडून बोले. विमानाच्या बाबतीत मात्र तो आयुष्यात एकदाच खोटं बोलला होता, आणि तेवढ्याने त्याचं नाक गेलं.

गेलं म्हणजे होतं जागेवरच, चांगलं ठसठशीत. चहा उतू गेला की त्याला कळे, ओल्या मोज्यांचा वास येई. फक्त पेट्रोलचा वास येईनासा झाला. आणि काम करायचा तो छोट्या विमानांच्या क्लबात, एका इंजिनाच्या चार विमानांची देखभाल. हलवायाची जीभ जावी तसंच झालं म्हणा ना.

त्या दिवशी तो पहाटे साडेपाचला मैदानावर पोचला. काम रोजचंच होतं, पण दिवस रोजचा नव्हता. त्याची मुलगी आज पहिल्यांदा एकटी उडणार होती. तिला घरात सगळे चिमणी म्हणत. नाव ठेवणाऱ्या आजीला पुढचं काय ठाऊक. धुकं जमिनीपासून कमरेइतकं उभं होतं. विमान दोन दिवस उघड्यावर होतं, कारण शेडचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं, आणि रात्री पाऊस झाला होता.

अशा विमानाच्या पंखात दोन टाक्या, डावी आणि उजवी. पावसाचं पाणी झाकणातून झिरपलं तर टाकीच्या तळाशी बसतं, आणि नेमकं विमान चढत असताना इंजिनात जातं. म्हणून उड्डाणाआधी पंखाखालची बारीक तोटी दाबून पारदर्शक पेल्यात थोडं पेट्रोल काढायचं आणि उजेडात धरायचं. या पेट्रोलला मुद्दाम फिकट निळा रंग दिलेला असतो. खाली पाणी, वर निळं, मध्ये रेघ. रेघ दिसली की पाणी आहे. रेघ नसली की स्वच्छ.

आता खरी गंमत इथेच आहे. पेला पूर्ण पाण्यानेच भरला, तर रेघ येणार कुठून? आणि पिवळ्या दिव्याखाली फिकट निळं काय न् बिनरंगी काय, सारखंच दिसतं. म्हणून जुने लोक पेला नाकाशी नेतात. पाण्याला वास नाही.

तीन वर्षांपूर्वी मिस्त्रीने तो नाकाशी नेला नव्हता. त्याला सर्दी झाली होती. पिवळ्या दिव्याखाली त्याने बघितलं, रेघ नव्हती. "स्वच्छ आहे, मास्तर," तो म्हणाला होता.

मास्तर म्हणजे क्लबचे शिकवणारे पायलट. गोल पोटाचे, खिशात निलगिरीच्या तेलाचा रुमाल. उजवीकडच्या खुर्चीत बसले की पोटावरचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत सैल करावा लागे आणि दर वेळी ते विचारत, "मिस्त्री, पट्टा आखडला का रे?" त्या सकाळी दोनशे फुटांवर त्यांचं इंजिन बंद पडलं. आयुष्यभर त्यांनी पोरांना एकच शिकवलं होतं: चढताना इंजिन गेलं तर मागे वळायचं नाही, नाक खाली आणि समोर जे असेल त्यात उतरायचं. आणि स्वतः मात्र मागे वळले, आणि त्यातच गेले.

चौकशीत मिस्त्रीला विचारलं, "वास घेतला होता?" तो म्हणाला, "घेतला होता." मग पाणी तपासणीनंतर कुठून तरी शिरलं असेल असं ठरलं, आणि खरं कारण म्हणून कागदावर आलं ते मास्तरांचं वळणं. चिमणी तेव्हा त्यांच्याकडेच शिकत होती. "मास्तर असे कसे चुकले?" ती कितीतरी दिवस विचारायची. मिस्त्री म्हणायचा, "माणूस आहे, चुकतो."

तर त्या पहाटे. डावी टाकी निळी निघाली, खाली वाटाण्याएवढा पाण्याचा थेंब. दुसरा पेला स्वच्छ. मिस्त्री वाकून उजव्या पंखाखाली गेला, तोटी दाबली. शेडच्या पिवळ्या बल्बकडे पेला धरला. रेघ नव्हती.

धुक्यात, चाकाच्या पलीकडे, कुणीतरी उभं होतं. कमरेखालचं दिसत नव्हतं. पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला.

"मिस्त्री... वास घेतलास का?"

आवाज अगदी सहज. चहा झाला का, विचारावं तसा. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मिस्त्रीच्या नाकात निलगिरीचा वास गेला.

त्याने पेला जमिनीवर ओतला. पेट्रोल असतं तर पंखाखालच्या कोरड्या काँक्रीटवरून बघता बघता उडून गेलं असतं. हे तसंच राहिलं, ओलंकच्च. सगळं पाणी होतं. त्याने दुसरा पेला काढला, तिसरा. पाणीच. आठव्या पेल्यानंतर स्वतःच्या पांढऱ्या बाहीपुढे धरल्यावर निळं दिसलं. शिडी लावून वर पाहिलं तर झाकणाची रबरी रिंग चिरलेली. महिन्याभरापूर्वीच बदलायला हवी होती. त्याने ती बदलली, आणखी तीन पेले काढले. तिन्ही निळे.

मान वर केली तेव्हा धुक्यात कुणी नव्हतं.

सहा वाजून गेले, धुकं विरलं, तशी चिमणी आली. तिच्या मागून नव्या शिकवणाऱ्या बाई, हातात छोटा रेडिओ घेऊन.

"बाबा, झोपला नाहीस ना? तोंड बघ कसं झालंय."

"तुझ्या आईच्या घोरण्याने."

"आईला सांगते." ती हसली. मग तिची नजर पंखाखालच्या जमिनीकडे गेली. "हे एवढं ओलं? पाणी निघालं का?"

इथे सांगायला हवं होतं. आठ पेले पाणी निघालेलं विमान त्या दिवशी उडवायचं नसतं. पंख हलवायचे, तासभर थांबायचं, पुन्हा बघायचं, कारण टाकीच्या कोपऱ्यात पाणी दडून बसतं. पण आठ पेले म्हटलं की बाई रिंगबद्दल विचारणार. रिंगची गोष्ट निघाली की तीन वर्षांपूर्वीच्या पेल्याचीही निघणार. आणि चिमणी विचारणार.

"थेंबभर," मिस्त्री म्हणाला. "आता स्वच्छ आहे."

आणि कानाजवळून, हलकेच...

"सांगितलं नाहीस."

त्याने वळून पाहिलं नाही. एकट्याच्या उड्डाणात रिकाम्या खुर्चीचा पट्टा लावून आवळून ठेवतात, नाहीतर तो विमान चालवायच्या दांड्यात अडकतो. मिस्त्रीने उजवीकडचा पट्टा लावला, खुर्चीच्या पाठीला भिडेपर्यंत ओढला, आणि दार लोटलं.

विमान धावलं, उचललं. शंभर फूट, दीडशे, दोनशे.

इंजिन खोकलं.

एकदा, दोनदा, मग आवाजच नाही. बाईंनी रेडिओ तोंडाशी नेला. विमानाचा डावा पंख किंचित खाली झुकला. वळत होती. मागे वळत होती. मिस्त्रीने एवढंच पाहिलं आणि तो होता तिथेच खाली बसला.

मग पंख सरळ झाला. नाक खाली गेलं. विमान मैदानापलीकडच्या मोकळ्या माळाकडे सरळ घसरत निघालं, आणि जमिनीपासून घराएवढ्या उंचीवर असताना इंजिनाने पुन्हा धरलं.

दहा मिनिटांनी चिमणी उतरली.

"मी वळणार होते, बाबा," ती म्हणाली. "मला माहीत होतं वळायचं नाही, तरी वळणार होते. पाय... वळायची पट्टी दाबायला पायच पुढे जाईना. रिकाम्या खुर्चीपुढच्या पायपट्टीवर कुणीतरी उलटा जोर दिल्यासारखं. दोन्हीकडच्या जोडलेल्या असतात ना..."

"घाबरलीस तू," बाई म्हणाल्या. त्यांनी उजव्या टाकीतून पेला काढून शेडच्या बल्बकडे धरला. "स्वच्छ दिसतंय."

"वास घ्या," मिस्त्री म्हणाला.

बाईंनी पेला नाकाशी नेला. वास नव्हताच.

मग तिथेच, ओल्या काँक्रीटवर बसून, मिस्त्रीने सगळं सांगितलं. आठ पेले, रिंग, सर्दी, चौकशी. चिमणी ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "मी तीन वर्षं मास्तरांना नावं ठेवली." त्यानंतर ती त्याच्याशी सोळा दिवस बोलली नाही. मिस्त्रीने चौकशीवाल्यांना पत्र पाठवलं. त्याचा परवाना सहा महिन्यांसाठी गेला, आणि त्याने तक्रार केली नाही.

सातव्या महिन्यात तो परत आला. आता पेला चिमणीच नाकाशी नेते. त्याच्या नाकावर कुणाचा भरवसा नाही, त्याचाही नाही. त्या सकाळी लख्ख ऊन होतं. ती चारही बाजूंनी विमान तपासून डावीकडे बसली. "बाबा, तेवढा पट्टा बघ," ती म्हणाली.

मिस्त्रीने रिकाम्या खुर्चीचा पट्टा लावला आणि ओढला. थोडा आला, मग अडला. त्याने आणखी जोर लावला. खुर्चीची पाठ अजून वीतभर लांब होती, आणि पट्टा मधल्या मोकळ्या हवेवरून गोल वळून ताणला गेला होता. शेवटच्या टोकापर्यंत सैल सोडला, तेव्हा कुठे नीट बसला.

"काय झालं?" चिमणीने विचारलं.

"काही नाही." त्याने हात काढून घेतला. मग खुर्चीकडे वाकून, तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "आखडला नाही ना, मास्तर?"

पट्टा हळूच वर आला. हळूच खाली गेला.