वांगी रंगाची खोली

कोपरगावहून बनुबाईचं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले होते. राधाकृष्ण जोर्वेकर ते रोज वाचत. उत्तर मात्र त्यांनी लिहिलं नव्हतं.

'आमच्या मालकांनी चोरी केली न्हाई. चौदा तारखेला कोर्टात उभं करनार. तुमी येता का न्हाई तेवढं कळवा.'

तिचा नवरा भिमाजी रंगारी कोठडीत होता. संगमनेरच्या वाचनालयातून निवृत्त झाल्यावर जोर्वेकर खासगी तपास करत. पण मागच्या वर्षी त्यांनी एका निरपराध माणसाकडे बोट दाखवलं होतं. तेव्हापासून 'येतो' लिहायला हात धजत नव्हता.

"परवा चौदा तारीख," त्यांचे सोबती आबासाहेब म्हणाले. एसटीतले जुने कंडक्टर. "मी कोपरगावची तिकिटं काढतो. तुम्ही गाडीत बसून घाबरा."

चोरी झाली त्या सूर्यभान पाटलांच्या नव्या घरात भिमाजीनं होणाऱ्या सुनेची खोली रंगवली होती. वांग्याच्या सालीवर राख बसावी तसा रंग.

"त्या शुक्रवारी आमी सुनंच्या गावाला गेल्तो," सूर्यभान म्हणाले. "घरात एकटा भिमाजी. शनिवारी आलो, तर कपाटातली सोन्याच्या पुतळ्यांची माळ न्हाई."

"हा रंग कुणी निवडला?"

"कुनीच न्हाई," त्यांची बायको मनकर्णा म्हणाली. "मी निळा सांगितला हुता. सकाळी नीळ कमी पडली, मग भिमाजीनं चुन्यात हुती तेवढी नीळ, तांबडी हिरमजी अन् काजळ कालवलं. आल्यावर पाह्यलं, पटला."

"तो दिवसभर इथंच होता?"

"दुपारी कुलूप लावून भाकर खायला घरी गेल्ता. दुसरी चावी कोनाड्यात असती, पर ते घरच्यांनाच ठावं."

जोर्वेकरांनी खिडकीचा पडदा चिमटीत धरला. तोही वांगी, पण काळपट.

"आमच्या पुतन्यानं नाशकाहून आनला," मनकर्णा म्हणाली. "रंग जुळला, योगच म्हनायचा."

पुतण्या कानिफनाथ दारातच होता. "मी गुरुवारीच नाशिकला गेल्तो. शुक्रवारी कापड घेतलं, शनिवारी आलो. तवा भिंत पैल्यांदा पाह्यली."

"काकींनी तर भिंतीला निळा सांगितला होता," जोर्वेकर म्हणाले.

"दुकानात ह्योच आवडला."

जोर्वेकरांनी तांब्याभर पाणी मागितलं. "कदाचित मी चुकत असेन," ते पुटपुटले आणि त्यांनी भिंतीवर पाणी मारलं.

भिंत गडद झाली. त्यांनी पडद्याची कड तिच्यावर टेकवली. कापड कुठं संपतं ते दिसेना.

"चुन्याचा रंग ओला असताना गडद दिसतो, सुकला की फिकटतो. हा रंग शुक्रवारी सकाळी कालवला, संध्याकाळपर्यंत सुकला. पडदा घेणाऱ्यानं भिंत ओली पाहिली होती. भिमाजी जेवायला गेला तेव्हा, कोनाड्यातल्या चावीनं आत येऊन. बाकीचे घरचे सगळे परगावी होते."

"पण चोरानं पडदा कशाला आणावा?" आबासाहेबांनी विचारलं.

"नाशकात होतो हे दाखवायला. आणि भिंतीला शोभेलसा निवडायची हौस नडली."

कानिफनाथ उंबऱ्यावर बसला. "माळ नाशकात सोनाराकडं हाय, काकी," तो म्हणाला. मनकर्णेनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

सूर्यभान भिमाजीला सोडवायला फौजदाराकडे निघाले. जोर्वेकर बनुबाईकडे गेले, तर दाराला कुलूप.

"चोराची बायकू म्हनून हिरीवर पानी भरू देईनात," शेजारीण म्हणाली. "आठ दिस झालं. पोरं घिऊन काष्टीकडं दुष्काळी कामावर गेली, खडी फोडायला."

"तुम्ही भरू दिलंत?"

ती आत गेली.

पोस्टाच्या ओट्यावर बसून जोर्वेकरांनी कार्ड लिहिलं. 'येतो म्हणून तेव्हाच कळवायला हवं होतं. भिमाजींनी चोरी केलेली नाही. घरी या.' पत्ता म्हणून काष्टीच्या कामावरचा मुकादम, एवढंच लिहिता आलं.

"पोचेल का हो?"

"टाका तर खरं," आबासाहेब म्हणाले.

त्यांनी कार्ड पेटीत सोडलं. ते आत पडल्याचा आवाज आला तरी हात लगेच बाहेर काढला नाही.