एकट्याची मांडणी

कोंडसर नगरपालिकेच्या वापर-प्रयोगशाळेत, म्हणजे संकेतस्थळ लोकांना वापरता येतंय का हे तपासायच्या खोलीत, शिरताना प्रत्येकाला आपला मोबाईल दाराजवळच्या ट्रेमध्ये ठेवावा लागे. नियम डॉ. मुकुंद वझ्यांचा होता. देवळात चपला बाहेर, प्रयोगशाळेत फोन बाहेर, असं ते म्हणत. प्रमदा खेडेकरलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

प्रमदा माहितीरचनाकार होती. संकेतस्थळावर काय कुठे ठेवायचं आणि त्याला काय म्हणायचं हे ठरवणं तिचं काम. कोंडसरात हे काम साधं नव्हतं. गावाच्या वर तांबडी नदीवर धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की खालच्या आळ्यांत पाणी शिरायला वेळ लागत नाही. तेवढ्यात प्रत्येक घराने संकेतस्थळावर आपली नोंद करायची, मग त्या दाराशी होडी येते. मागच्या पुरात ही नोंद कोणाला सापडलीच नाही. ती 'सामान्य प्रशासन'मधल्या 'परिपत्रकां'खाली 'जोडपत्रां'त दडून बसली होती, कारण कचेरीतली कपाटं त्याच क्रमाने लावलेली होती. प्रमदाच्या शेजारचे बाळकाका पोंक्षे फोन हातात धरून पानं उलटत राहिले आणि होडी पलीकडच्या आळीला गेली. बाळकाका गेले. हे पुन्हा घडू द्यायचं नाही, एवढं एकच प्रमदाने मनाशी धरलं होतं. त्यापुढे तिला तहानभूक सुचत नसे.

वझे पुण्याहून आले होते ते 'स्वयंमांडणी' घेऊन. तरीजवळ, होड्या लागतात तिथे, एक घर भाड्याने घेऊन ते गावातच राहिले होते.

"खेडेकरबाई, सगळ्यांना सोयीचं असं एक पान असूच शकत नाही," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "मासे विकणारीच्या डोक्यातलं गाव वेगळं, मास्तरांच्या डोक्यातलं वेगळं. म्हणून पान माणसाकडे बघतं. नजर कुठे अडते, बोट कुठे घुटमळतं, हे टिपतं आणि त्याच्यापुरतं स्वतःला मांडून घेतं. जितकी माणसं, तितकी पानं."

"आणि पान चुकलं तर?"

"चूक टिपूनच तर ते शिकतं."

चाचण्या झकास झाल्या. ज्यांना जुन्या स्थळावर काही म्हणजे काही सापडत नव्हतं, ते आता चहा निवायच्या आत नोंद करून मोकळे होत. फक्त शकीला परकार तेवढ्या कुरकुरल्या. त्यांची बंदरावर बेकरी होती आणि तोंडही भट्टीसारखंच गरम.

"फोन काढून घेतलात, आता माझ्या लेकीला, नसरीनला विचारू कशी?"

"विचारायची गरजच नाही, भाभी," प्रमदा म्हणाली. "पान तुम्हाला ओळखतं."

शकीलाभाभींनी नोंद केली, अगदी बिनचूक. वझ्यांनी प्रमदाकडे बघून भुवया उडवल्या. प्रमदालाही त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग गावभर रंगीत तालीम झाली. भोंगा वाजला, धरण उघडलं असं समजायचं ठरलं आणि निम्म्याहून जास्त घरांची नोंद झालीच नाही.

प्रमदा प्रयोगशाळेत बसून राहिली नाही. आकडे काय सांगायचे ते सांगोत, म्हणत ती तडक बंदर आळीत गेली. बेकरीच्या ओट्यावर शकीलाभाभी एका कानाला फोन लावून दुसऱ्या फोनवर बोट आपटत होत्या.

"वरून दुसरं दाब म्हणतेस, पण माझ्याकडे वरून दुसरं कचऱ्याची गाडी आहे! तुझ्याकडे होडी कुठून आली?"

पलीकडून नसरीन काहीतरी ओरडली. शेजारच्या घरात मुलगा बापाला सांगत होता, निळा चौकोन बघा. बापाच्या पानावर निळं काही नव्हतंच. समोरच्या गच्चीवर दोन जावा एकमेकींच्या फोनमध्ये डोकावत होत्या आणि दोघींनाही आपलंच पान बिघडलंय असं वाटत होतं. प्रमदा रस्त्याच्या मधोमध थांबली. पान एकही बिघडलेलं नव्हतं, हेच सगळ्यात वाईट होतं.

"पण एकेकट्याने सगळ्यांनी बरोबर केलं होतं," ती प्रयोगशाळेत परतल्यावर वझे म्हणाले.

"कारण आपण त्यांना एकटं केलं होतं, वझेसर. फोन ट्रेमध्ये ठेवून घेतले. कोंडसरात घाबरलेला माणूस पडद्याकडे बघत नाही, कोणाला तरी फोन लावतो. आणि आपण प्रत्येकाला निराळं पान देऊन ठेवलंय. वाट विचारावी तर सांगणाऱ्याचं गावच दुसरं."

"वापरकर्ता पडद्यापुढे एकटाच असतो. या शास्त्राचा तो पायाच आहे."

"मग पायाच चुकलाय. मी स्वयंमांडणी उद्या बंद करून घेईन, नाहीतर तुम्ही ती दुरुस्त करा. पावसाळा तोंडावर आलाय."

वझे हेकट खरे, पण अप्रामाणिक नव्हते. बराच वेळ ते टेबलावर बोटं वाजवत राहिले.

"ठीक आहे. वापरकर्ता म्हणजे एक माणूस नाही, असं धरू. जे एकमेकांना विचारतात, ते मिळून एक वापरकर्ता. पानावरच 'विचारा' असं बटण देऊ. त्यावरून कोणी कोणाला फोन लावला की दोघांची मांडणी एक करायची. बोलणं ऐकायचं नाही, कोण कोणाला विचारतं एवढंच बघायचं. या नियमाला म्हणू बोलजोड."

दुसरी तालीम ठरली. या खेपेला दोघांनी प्रयोगशाळेच्या मोठ्या पडद्यावर गावाचा नकाशा लावला. प्रत्येक घराचा एक ठिपका आणि प्रत्येक मांडणीला एक रंग. सुरुवातीला नकाशा गोधडीसारखा रंगीबेरंगी होता. भोंगा वाजला. बेकरीचा ठिपका नसरीनच्या रंगाचा झाला. नसरीनने नणंदेला विचारलं, नणंदेने शाळेतल्या बाईंना, बाईंनी अर्ध्या गावाला. रंग भराभर एकमेकांत मिसळत गेले आणि बघता बघता सगळा नकाशा हिरवा झाला. नोंदी धडाधड होऊ लागल्या.

वझे खुर्चीत मागे रेलून हसले. "डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणायचा. एवढं गणित केलं आणि उरलं शेवटी सगळ्यांना मिळून एकच पान."

"उरणारच होतं," प्रमदाही हसली. "तुमच्याच नियमाने. कोंडसरात माझं त्याच्याशी आणि त्याचं तिच्याशी बोलणं आहेच. सगळं गाव मिळून एकच वापरकर्ता निघालं."

त्या पानावरची पहिली ओळ होती, 'आमच्याकडे पाणी येतंय'. गावाने ती आपली आपण वर आणली होती. इतक्या वर्षांत कुठल्याही कचेरीला ती सुचली नव्हती.

पण नकाशा पुरता हिरवा नव्हता. मधेच काही ठिपके वेगळ्याच रंगाचे राहिले होते, विखुरलेले, एकेकटे.

"जोडणीत काही चूक राहिली असणार," वझे पुढे वाकून म्हणाले.

"चूक नाही, सर. ज्याला विचारायला कोणी नाही आणि ज्याला कोणी विचारत नाही, त्याचाच रंग वेगळा राहतो. दुसरं कारण नियमात बसतच नाही." बाळकाकांनी त्या दिवशी कोणालाच फोन लावला नव्हता, अगदी भिंतीपलीकडे राहणाऱ्या तिलाही नाही. "हे ठिपके मला हवेत. नोंद असो वा नसो, होडी आधी यांच्या दाराशी जाईल. आणि पाऊस लागायच्या आत प्रत्येक घरी आपलं माणूस जाऊन चहा पिऊन येईल."

ती एकेका ठिपक्यावर बोट ठेवून घराचं नाव वाचू लागली. तरीजवळच्या एका जांभळ्या ठिपक्यावर बोट आलं आणि तिथेच थांबलं.

वझ्यांनीही वाचलं.

"मला विचारायची गरज पडत नाही," ते म्हणाले. "मीच मांडलंय ना सगळं."

एकटा वापरकर्ता यांनी कुठल्या शास्त्रातून आणला, ते प्रमदाला आत्ता कळलं. ती उठली, दाराशी गेली आणि ट्रेमधला स्वतःचा फोन उचलून तिने 'विचारा' दाबलं.

ट्रेमध्ये एक फोन वाजू लागला. तो कोणाचा वाजतोय हे वझ्यांच्या लक्षातच येईना. ते तिच्याकडे बघत राहिले.

"सर, तुमचाच आहे. उचला," प्रमदा म्हणाली. "माझं अडलंय. वरून दुसरं काय आहे हो तुमच्याकडे?"