सफाईतून वगळलेली फाइल

अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या आमच्या स्टुडिओत लिनक्सचा सर्व्हर मी सांभाळते. वाचन चालू असताना कच्च्या आवाजाच्या फाइली एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये साठतात. आठवडाभर कोणी हात लावला नाही, की दुपारची आपोआप होणारी सफाई त्यांना काढून टाकते. नियम मीच लिहिलाय. त्याने कधी दगा दिलेला नाही.

आमची सगळ्यात जुनी वाचक, सगळ्यांची अक्का, एक कादंबरी अर्धी वाचून गेली. झोपेतच. महिना उलटला तरी तिची एक फाइल जागची हलेना. सफाईच्या लेखी ती रोज ताजी होती. तिच्यात रोज काहीतरी भर पडत होती. भर घालणारा प्रोग्राम काही सापडला नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीला कुलूप होतं आणि माइकची वायर मी स्वतः काढून ठेवली होती.

मी फाइल पुसली. दुसऱ्या दिवशी ती परत आली, आधीपेक्षा मोठी होऊन. हेडफोन लावले. अक्काचा तोच किंचित घोगरा आवाज. थांबली होती त्याच्या पुढचं प्रकरण ती वाचत होती. 

व्यवस्थापकांना ऐकवलं. त्यांनी मधेच हेडफोन काढले, रुमालाने कान पुसले. डिस्कच कोरी करा, पुस्तक दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ, असं ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

माझा थोरला भाऊ जन्मांध. अक्काचा आवाज ऐकतच तो मोठा झाला. जेवताना त्याला सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "तिला वाचायचंय ना? मग तुम्ही कोण अडवणारे?"

अक्का मधेच आठवडाभर थांबली तरी फाइल जाऊ नये, म्हणून सकाळी मी नियमांत एक ओळ वाढवली: ही फाइल वगळा. भीती होतीच, पण राग तिच्याहून मोठा होता. व्यवस्थापकांना तोंडावर सांगितलं, "डिस्क कोरी होणार नाही. हवं तर मला काढा."

ते आपल्या केबिनमध्ये निघून गेले.

दुपारी सफाई झाली. बाकीच्या जुन्या फाइली गेल्या. ती तेवढी उरली, आणि वाढत राहिली.

काल कादंबरी संपली. हेडफोन लावून, छापील पुस्तक समोर धरून मी शेवटचं पान ताडून पाहिलं. शब्द न शब्द बरोबर.

शेवटच्या ओळीनंतर ती थांबली.

मी पुस्तक मिटलं.

कानात पान उलटल्याचा आवाज आला, आणि अक्का पुढे वाचू लागली.